१ जानेवारीला निघालेली शुगर

संध्याकाळचे साडेसहा होऊन गेले होते, आमच्या खराडीच्या ऑफिसातला एसी नेहमीसारखा बंद झाला होता, काचेबाहेर ट्रॅफिकचे लाल दिवे लांबच लांब लागलेले आणि मी एका डायबेटिसच्या ट्रायलची, म्हणजे औषध पेशंटवर तपासून बघणाऱ्या अभ्यासाची, डेटा लिस्टिंग बघत बसले होते. मेडिकल हिस्टरीचा फॉर्म, त्यातला आजार कधी सुरू झाला तो तारखेचा कॉलम. लातूरकडच्या एका साइटच्या, म्हणजे ट्रायल चालते त्या हॉस्पिटलच्या, ओळी एकाखाली एक सरकत होत्या आणि त्यातल्या कितीतरी ओळींत तारीख १ जानेवारी. वर्षं वेगळी, २०११, २०१६, २०१९, पण दिवस आणि महिना तोच. एकही क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दल विचारलेली शंका, उघडी नाही. सिस्टीमच्या हिशोबात सगळं हिरवं, पानं पूर्ण, साइट एकदम चांगली. आणि मला मात्र पोटात कसंतरी झालं, कारण इतक्या माणसांना एकाच तारखेला डायबेटिस होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथल्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे पेशंट सांभाळून त्यांची माहिती भरणारीला, फोन लावला. तरुण मुलगी आहे, कामाला चोख, आवाजात कायम थोडी धावपळ. मी विचारायच्या आधीच तिला कळलं असावं. म्हणाली, "ताई, सिस्टीम घेईचना. पेशंटला विचारलं शुगर कधी निघाली तर ते म्हणतात पोळ्याच्या आधी निघाली, धाकटीचं लग्न झालं त्या साली. आता याची तारीख मी कुठून आणू? दिवस रिकामा ठेवला तर पान सेव्ह होत नाही, पान सेव्ह नाही झालं तर पुढची व्हिजिट उघडत नाही, आणि पेशंट बाहेर उपाशीपोटी बसलेला, त्याचं ब्लड घ्यायचंय." मग तिने वर्ष खरं टाकलं आणि पुढे १ जानेवारी. सोर्समध्ये, म्हणजे तिच्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर, तिने स्वच्छ मराठीत 'पोळ्याच्या आधी' असंच लिहून ठेवलं होतं. तिला मी काय बोलणार. तिने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, फॉर्मने तिच्यासमोर दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

आता कुणी म्हणेल की स्टॅट्सवाले तरी वेगळं काय करतात, तारीख अर्धवट असली की ते पण बऱ्याचदा १ जानेवारीच लावतात. लावतात, पण नियम आधी लिहून ठेवून लावतात, आणि ही तारीख पेशंटने सांगितलेली नाही, आम्ही लावलेली आहे अशी खूण शेजारी करून लावतात. इथे ती खूणच नव्हती. पोळा येतो श्रावणाच्या शेवटी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. या ट्रायलची अट अशी की डायबेटिस निघून किमान सहा महिने झालेले पाहिजेत. म्हणजे पोळ्याला शुगर निघालेला माणूस पुढच्या जानेवारीत ट्रायलमध्ये आला तर तो खरंतर अटीत बसत नाही, पण डेटाबेसमध्ये त्याला डायबेटिस होऊन अख्खं वर्ष झालेलं दिसतं. असा एक पेशंट सापडला आणि आम्ही सगळे हादरलो. शेवटी त्याच्या मुलाने घरातल्या ट्रंकेतून जुना लॅबचा रिपोर्ट शोधून फोटो पाठवला, तो अटीत बसत होता, सुटलो. बाकीच्या बऱ्याच जणांचे कागद मिळालेच नाहीत.

हे झालं कसं ते शोधलं तर कुणी एक माणूस सापडत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे फॉर्म कसा बांधायचा त्या कागदात, बरोबर लिहिलं होतं की दिवस आणि महिना माहीत नसेल तर 'अननोन' चालेल. पण मधेच गो-लाइव्हची, म्हणजे डेटाबेस सुरू करायची, तारीख अलीकडे ओढली गेली, दोन साइट्सना एथिक्स कमिटीची परवानगी लवकर मिळाली होती आणि पहिला पेशंट ठरलेल्या महिन्यातच घ्यायचा होता. मग ज्या टीमकडे डेटाबेस बांधायचं काम होतं त्यांनी दुसऱ्या एका ट्रायलचा तयार फॉर्म लायब्ररीतून उचलला, त्यात पूर्ण तारीख सक्तीची होती, तेवढी सेटिंग बदलायची राहिली. यूएटीचा, म्हणजे सुरू करण्याआधी सिस्टीम वापरून तपासायचा, वेळ कापून निम्मा झाला. आणि यूएटीत तपासलं काय गेलं तर बरोबर तारीख घेते का, घेतली. उद्याची तारीख टाकली तर अडवते का, अडवली. टेस्ट पेशंटना आपल्या आजाराची तारीख नेहमी पाठ असते. ज्याला तारीख माहीत नाही असा माणूस त्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये आलाच नाही आणि खऱ्या ट्रायलमध्ये पहिल्याच आठवड्यात आला.

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय. घाईत बांधलेली सिस्टीम बंद पडली तर लोक आरडाओरडा करतात, तिकीट टाकतात, कुणीतरी दुरुस्त करतं. भीती मला त्या सिस्टीमची वाटते जी घाईत बांधलेली असते आणि व्यवस्थित चालते. ती चुकीची माहिती सभ्यपणे, ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, ऑडिट ट्रेलसकट, म्हणजे कुणी कधी काय भरलं-बदललं त्या नोंदीसकट, जमा करत राहते.

मी या कामात आले तेव्हा आमच्या विभागात अजून कागद होता. तीन प्रतींचे सीआरएफ, म्हणजे पेशंटची माहिती भरायचे फॉर्म, वरचं पांढरं, मग पिवळं, खाली गुलाबी, बॉलपेन जोरात दाबून लिहायचं म्हणजे गुलाबीवर उमटेल, संध्याकाळपर्यंत अंगठा दुखायचा. चूक झाली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही, एक सरळ रेघ मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मॉनिटर, म्हणजे नोंदी तपासणारा माणूस, यायचा, त्या गठ्ठ्यातून एकेक पान सोर्सशी ताडून बघायचा, वरची प्रत घेऊन जायचा, क्वेऱ्या महिन्याभराने कुरिअरने यायच्या आणि तोपर्यंत तो पेशंट गावी गेलेला असायचा. मला त्या दिवसांबद्दल उगाच उमाळा नाहीये, ते सगळं भयंकर संथ होतं, अक्षर वाचता न आल्यामुळे १ चे ७ व्हायचे. पण एक होतं. कागदाच्या समासात जागा होती. तारीख माहीत नसली की समासात लिहायचो, 'पेशंटला आठवत नाही, अंदाजे पावसाळा'. कागदाने कधी सांगितलं नाही की हे चालणार नाही म्हणून. स्क्रीनला समास नसतो, तो कुणीतरी आधी विचार करून बांधून ठेवावा लागतो, आणि घाईत पहिल्यांदा उडतं ते हेच.

पण म्हणून सावकाश जा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी सरळ उभी राहू शकत नाही.

त्याचं कारण मी स्वतः कोऑर्डिनेटर असतानाचं आहे. कॅन्सर विभागात होते तेव्हा. एक ट्रायल आमच्याकडे मंजूर झाली होती, करार सह्या होऊन आलेला, औषध फार्मसीच्या फ्रिजमध्ये येऊन पडलेलं, त्या फ्रिजच्या टेंपरेचर लॉगवर मी रोज सकाळ-संध्याकाळ सही करायचे. अडलं होतं कुठे, तर रँडमायझेशनची, म्हणजे कुणाला कुठला उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी सिस्टीम आणि ईडीसी, म्हणजे माहिती भरायची सिस्टीम, आमच्या साइटसाठी सुरू झालेली नव्हती, कुठलंतरी व्हॅलिडेशनचं डॉक्युमेंट कुणाच्यातरी सहीसाठी थांबलं होतं. बीडकडची एक बाई होती, सोबत मुलगा. ती सगळ्या अटींत बसत होती. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसायची, स्टीलच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मला पण घे म्हणायची. स्कॅन २८ दिवसांच्या आतला लागत होता, तो जुना झाला. नवीन करेपर्यंत तिची तब्येतच इतकी उतरली की ती अटीत बसेना. त्या औषधाने तिला फरक पडला असता की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, ट्रायल म्हणजेच ते माहीत नसणं. पण तिला ती संधी मिळायला हवी होती आणि ती एका सहीपायी गेली. मुलाने जाताना मला विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर चालू झाला का?" त्यामुळे मीटिंगमध्ये कुणी "क्वालिटीसाठी अजून तीन आठवडे लागतील" असं म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्या तीन आठवड्यांत नक्की काय तपासणार आहात. कारण पुष्कळदा त्यात तपासणी नसतेच, नुसते कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतात आणि त्याला आपण क्वालिटी म्हणतो.

या दोन्ही गोष्टी मनात घेऊन मी २०२० सालाकडे परत परत जाते. ब्रिटनमधली कोविडच्या उपचारांवरची रिकव्हरी ट्रायल, ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी चालवलेली. प्रोटोकॉलचा मसुदा झाला आणि नऊ दिवसांत, १९ मार्च २०२० ला, पहिला पेशंट आत होता. आमच्या धंद्यात फक्त डेटाबेस बांधून सोडायला सरासरी ६८ दिवस लागतात असं अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या पाहणीत आलं होतं, त्यापुढे नऊ दिवस म्हणजे विश्वास बसत नाही. आणि १६ जूनला त्यांनी डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर केला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये नेहमीच्या उपचारांवर २८ दिवसांत ४१.४ टक्के दगावले, डेक्सामेथासोन दिलेल्यांमध्ये २९.३ टक्के. गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं स्वस्त औषध. जून संपायच्या आत आपल्या आरोग्य मंत्रालयाने ते कोविडच्या उपचारांच्या यादीत घातलं. त्या वर्षी आपल्या प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्या इंजेक्शनवर होतं.

मी त्यांचे फॉर्म उघडून बघितले होते, कुतूहल म्हणून. आणि बघतच राहिले. पेशंट आत घेताना एक छोटा वेब फॉर्म, आणि मग डिस्चार्ज, मृत्यू किंवा २८ वा दिवस यातलं जे आधी येईल तेव्हा एक फॉर्म. जवळपास एवढंच. बाकीचं देशाच्या आरोग्य नोंदींतून जोडून घेतलेलं. पीपीई किट घातलेल्या, घामाने भिजलेल्या डॉक्टरला वॉर्डात उभ्या उभ्या भरता येईल इतकंच विचारायचं हे त्यांनी आधी ठरवलं होतं. तपासणी त्यांनी कापली नाही, प्रश्न कापले. आम्ही नेमकं उलटं करतो. प्रश्न शंभर तसेच ठेवतो, त्यावर तपासणीचे नियम शेकड्याने लावतो, आणि तारीख जवळ आली की ते नियम नीट चालतात का हे बघायचे दिवस कापतो.

अर्थात प्रत्येक ट्रायल रिकव्हरीसारखी होऊ शकत नाही, हे मलाही कळतं. तिथली बरीच औषधं जुनी, माहितीतली होती, आणि प्रश्न होता माणूस जगला की गेला. पहिल्यांदाच माणसात जाणारं औषध असेल तर लिव्हरचे आकडे, ईसीजी, बारीकसारीक त्रास, सगळंच विचारावं लागतं. शिवाय तिथे सगळ्या देशाची एक आरोग्यव्यवस्था, सगळ्या नोंदी एका नंबरला जोडलेल्या. आमच्या लातूरच्या काकांचा जुना रिपोर्ट ट्रंकेत असतो. पण तरी मला वाटतं की आमच्या फॉर्मांतली किती पानं कुणीही कधी वाचत नाही याचा हिशोब एकदा मांडावा. मागच्या ट्रायलमध्ये होती म्हणून या ट्रायलमध्ये आली, अशी किती.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मात्र अंगावर काटा आणते. २२ मे २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला की कोविडमध्ये दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढलेले दिसतात, ९६,०३२ पेशंट, ६७१ हॉस्पिटलं, सहा खंड. डेटा सर्जिस्फियर नावाच्या एका छोट्या कंपनीचा. तीनच दिवसांनी डब्ल्यूएचओने आपल्या कोविडच्या सॉलिडॅरिटी ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोक विचारायला लागले की एवढ्या हॉस्पिटलांचा डेटा इतक्या लवकर एकत्र आला कसा, ऑस्ट्रेलियातले मृत्यूचे आकडे तिथल्या सरकारी आकड्यांशी जुळेनात, मूळ डेटा दाखवा म्हटलं तर कंपनी दाखवेना, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. आम्ही तेव्हा घरून काम करत होतो, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती बातमी वाचत होते आणि कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या मोजायच्या राहून गेल्या. रिकव्हरी पण वेगाने झाली आणि हे पण वेगाने झालं. फरक एवढाच की रिकव्हरीतल्या प्रत्येक आकड्यामागे जाऊन उभं राहता येत होतं, कुठल्यातरी वॉर्डातल्या कुठल्यातरी खाटेपर्यंत. इथे मागे जायला रस्ताच नव्हता. लातूरच्या मुलीने सोर्समध्ये 'पोळ्याच्या आधी' लिहून ठेवलं होतं म्हणून आम्हाला परत जाता आलं, हे मला तेव्हा नीट उमजलं नव्हतं, आता उमजतंय.

फायझरच्या लसीच्या ट्रायलचं पण मला नेहमी कौतुक आणि काळजी दोन्ही वाटतं. ४३ हजारांवर माणसं, आणि कोविड झालेल्यांच्या ठरलेल्या केसेस पूर्ण झाल्यावर २२ तासांत डेटा तपासायला तयार झाला असं कंपनीने सांगितलं, एआयने विसंगती शोधणारं टूल वापरून. एरवी याच कामाला महिना जातो, त्यामुळे आमच्या ऑफिसात तो आकडा अजून कुणाच्या ना कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये असतोच. पण त्याच ट्रायलच्या टेक्सासमधल्या काही साइट्सबद्दल नोव्हेंबर २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने एक लेख छापला, तिथे काम केलेल्या बाईंच्या तक्रारींवरचा, की माणसं पुरत नव्हती आणि क्वेऱ्या साचून राहिल्या होत्या. त्या थोड्याशा साइट्सनी एवढ्या मोठ्या ट्रायलचा निकाल फिरला असं कुणी म्हणत नाही आणि मीही म्हणत नाहीये. मला त्यात दिसते ती कोऑर्डिनेटर. सर्व्हरवरचा वेग वाढला की क्वेरी तिच्याकडे चोवीस तासांत पोचते, पण तिचे हात दोनच राहतात. एका ट्रायलसाठी तिच्याकडे ईडीसीचं लॉगिन वेगळं, रँडमायझेशनचं वेगळं, लॅबचं, पेशंटच्या डायरीचं, ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटांचं वेगळं, प्रत्येकाचा पासवर्ड आपापल्या वेळी संपणार. अशा चार ट्रायल्स ती सांभाळते. तिच्या डेस्कच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या मी पाहिल्यात.

आणि मागून दुरुस्त करू हा जो दिलासा आम्ही एकमेकांना देत असतो त्यात फार दम नाही. ट्रान्ससेलरेट या औषध कंपन्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात साइटने एकदा भरलेल्या डेटापैकी सरासरी ३.७ टक्केच पुढे बदलला गेला होता, आणि मॉनिटरने सोर्सशी ताडून बघितल्यामुळे बदललेला फक्त १.१ टक्का. म्हणजे पहिल्यांदा जे टाइप झालं तेच बहुतेक शेवटपर्यंत राहतं. टफ्ट्सच्या त्याच पाहणीत हेही होतं की ज्या कंपन्या पहिला पेशंट येऊन गेल्यावर डेटाबेस सोडतात त्यांना पुढे डेटा भरायलाही जास्त वेळ लागतो आणि लॉक, म्हणजे शेवटी डेटा कायमचा बंद, करायलाही. आमच्या त्या तारखेच्या सेटिंगचंच बघा. बदल करायला एका माणसाला तासही लागला नसता. गो-लाइव्हनंतर तोच बदल म्हणजे चेंज रिक्वेस्ट, परत टेस्टिंग, चालू डेटाचं मायग्रेशन, सगळ्या साइट्सना मेल, आणि मग त्या मुलीने प्रत्येक पेशंटच्या पानावर जाऊन १ जानेवारी काढून 'अननोन' करायचं, प्रत्येक वेळी बदलाचं कारण ड्रॉपडाउनमधून निवडायचं. त्या यादीत 'सिस्टीम घेत नव्हती' असं कारण नव्हतं. तिने 'डेटा एंट्री एरर' निवडलं. म्हणजे ऑडिट ट्रेलमध्ये कायमची चूक तिच्या नावावर. हे मला फार लागलं. मी त्यावर एक नोट टू फाइल, म्हणजे ट्रायलच्या कागदपत्रांत ठेवायची नोंद, लिहून घेतली, सहीनिशी, की चूक फॉर्मची होती.

आता आमच्याकडे नवीन ट्रायल आलीय, परत डायबेटिसचीच, परत तारीख आवळलेली. या वेळी मी सुरुवातीलाच दोन गोष्टींसाठी भांडले. एक, शेवटच्या व्हिजिट्सचे फॉर्म पहिल्या दिवशी नकोत. पहिला पेशंट सहाव्या व्हिजिटला पोचायला महिने आहेत, तोपर्यंत ते बांधून, तपासून दुसऱ्या टप्प्यात सोडू, पण पहिल्या टप्प्यात जे जाईल ते पूर्ण तपासून जाईल. यात कुणाचं काही बिघडत नाही आणि तारीख पाळता येते. दुसरं, यूएटीमध्ये एक दिवस साइटवरच्या कोऑर्डिनेटर बसतील, आमच्या स्क्रिप्टशिवाय, स्वतःच्या जुन्या पेशंटचे किस्से घेऊन, अर्थात नावंगावं वगळून. लातूरची मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, अकोल्याची एक होती, एक कोल्हापूरची. कोल्हापूरचीने विचारलं, पेशंटकडे औषधाचं नाव नाही, नुसती रिकामी पट्टी आहे आणि अर्धं नाव फाटलंय, तर कुठे लिहू? आमच्या डेटाबेस बांधणाऱ्याने तिथेच ते फील्ड सुटं केलं. मेडिकल हिस्टरीतून बारा प्रश्न उडाले, कारण त्यांचं पुढे काय होणार हे स्टॅट्सच्या माणसाला विचारलं तर त्यालाही सांगता येईना.

एक मुद्दा मात्र अजून अडकलाय. पेशंटने रोज रात्री आठ ते दहामध्ये फोनवर डायरी भरायची आहे, नंतर स्क्रीन बंद होते. अकोल्याचीने सांगितलं की तिच्या निम्म्या पेशंटची शेती आहे आणि शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, माणसं त्या वेळी मोटर चालू करून पाणी धरत असतात, फोन घरी चार्जिंगला. खिडकी सकाळपर्यंत उघडी ठेवा. स्पॉन्सरचं, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचं, म्हणणं की दुसऱ्या दिवशी भरलेलं आठवणीतून भरलेलं असतं, त्याचा भरवसा कमी, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. मी असं सुचवलंय की खिडकी मोठी करा पण भरल्याची वेळ जशीच्या तशी साठवा, मग उशिरा भरलेल्या नोंदी वेगळ्या काढून बघता येतील. उत्तर आलेलं नाही. गुरुवारच्या कॉलवर परत विचारणार आहे. तोपर्यंत डायरी सोडून बाकी सगळं ठरलेल्या तारखेला लाईव्ह जाईल, तसं मी चेकलिस्टवर लिहून दिलंय.